मुंबई विमानतळ ते घर: मेट्रो, लोकल आणि मधले सांधे

मुंबईत उतरणाऱ्या पाहुण्यांना टॅक्सीशिवाय घरी पोचायचं कसं, हे फोनवर सांगून झालं तरी मंडळी चुकतातच. चूक बहुतेक वेळा विमानतळावर होत नाही. ती होते मेट्रो आणि लोकल जिथे जोडल्या जातात तिथे. कुणी बांद्र्याला जायचं म्हणून ‘बांद्रा कॉलनी’ला उतरतं, कुणी ठाण्याला जायचं असताना कफ परेडची गाडी धरतं, कुणी पाताळात पोचल्यावर तिकिटासाठी फोन वर धरून सिग्नल शोधत बसतं. खालचा क्रम तसाच पाळलात तर यातलं काही होणार नाही.

हा लेख सांताक्रूझ-सहारच्या विमानतळाबद्दल आहे. ऑक्टोबर २०२५ च्या आधीचे सल्ले कुणी पुढे पाठवले असतील तर ते बाजूला ठेवा. मेट्रो ३ आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झाली ती त्या महिन्यात, आणि त्यानंतर बरेच जुने मार्ग निरुपयोगी झाले.

## १. विमानात बसण्यापूर्वी: घर कुठल्या लाइनीवर आहे?

मुंबईत अंतर विचारू नका, लाइन विचारा. ज्यांच्याकडे जायचंय त्यांना तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: जवळचं स्टेशन कुठलं, ते वेस्टर्न, सेंट्रल की हार्बर लाइनीवर, आणि घर पूर्वेला की पश्चिमेला. तिसरा प्रश्न लोक विसरतात. मग चुकीच्या बाजूला उतरून, सामानासकट पूल चढून परत यावं लागतं.

विमानतळावरची मेट्रो ही ३ नंबरची, ॲक्वा लाइन. आरेचं टोक सोडलं तर सगळी भुयारी. मुंबईच्या नकाशावर ती साधारण उत्तर-दक्षिण जाते आणि तिच्यावरून बाकीच्या लाइनी गाठायच्या असतात. म्हणजे निर्णय एकच: कुठे बदलायचं. तो आधी घ्या. आगमन कक्षात सामानाच्या पट्ट्यासमोर उभं राहून घेतलेला निर्णय बहुधा टॅक्सीच्या रांगेतच संपतो.

बॅगेची कसोटी: जी बॅग एका हातात उचलून तुम्ही एक जिना न थांबता चढू शकता, ती लोकलमध्ये चालते. अशी एक मोठी आणि पाठीवर एक, इतपत ठीक. माणशी दोन मोठ्या बॅगा असतील तर मेट्रोपर्यंतचा प्रवास जमेल, पण पुढची लोकल विसरा. तेव्हा घराच्या जवळात जवळच्या मेट्रो स्टेशनापर्यंत जाऊन तिथून रिक्षा किंवा टॅक्सी करा. खर्च अर्ध्याहून कमी होतो आणि वाहतूक कोंडीही टळते.

## २. तिकिटावर तीन गोष्टी तपासा

विमानतळ कुठला? डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुरू झाली आहेत. तिकिटावर विमानतळाचा कोड बीओएम (BOM) असेल तर हा लेख तुमच्यासाठी. एनएमआय (NMI) असेल तर तुम्ही उलव्याला, पनवेलच्या अंगाला उतरणार आहात. तिथे यातलं काहीच लागू नाही.

टर्मिनल कुठलं? टी१ आणि टी२ एकाच विमानतळाचे असले तरी रस्त्याने एकमेकांपासून चांगलेच लांब आहेत. दोघांना वेगवेगळं मेट्रो स्टेशन आहे आणि मध्ये ‘सहार रोड’ नावाचं एक स्टेशन येतं. एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायचं असेल तरी मेट्रोच धरा, दोन स्टेशनांचाच प्रवास आहे.

वेळ कुठली? मेट्रो ३ च्या शेवटच्या गाड्या टोकाच्या स्टेशनांवरून रात्री साडेदहाच्या सुमारास सुटतात, आणि सकाळी सहाच्या आसपास सेवा सुरू होते. हिशेब असा करा: देशांतर्गत विमान असेल तर उतरण्याच्या वेळेत पाऊण तास मिळवा, परदेशातून येत असाल आणि सामान पट्ट्यावर यायचं असेल तर दीड तास. येणारी वेळ रात्री दहाच्या पुढे जात असेल तर मेट्रोचा विचार सोडून थेट सातव्या टप्प्यावर जा.

## ३. टर्मिनलच्या आतच करायची कामं

बाहेर पडल्यावर टॅक्सीवाल्यांचा गराडा पडतो, जमिनीखाली गेल्यावर फोन दगा देतो. म्हणून ही कामं आतच उरका.

स्वच्छतागृह इथेच. लोकलच्या स्टेशनांवरचं कुठलं सापडेल आणि कसं असेल, याचा भरवसा नाही.

सुटे पैसे काढा. दहा, वीस, पन्नासच्या नोटा हव्यात. परदेशातून येणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं, कारण भारतातलं सिम सुरू नसेल तर ओटीपी येत नाही, ओटीपी नसेल तर ॲप उघडत नाही आणि यूपीआयही चालत नाही. रोख पैसे देऊन खिडकीवर तिकीट मिळतं, त्यात कमीपणा काही नाही.

फोन चालू असेल तर मेट्रोचं तिकीट इथेच काढून ठेवा. मेट्रो ३ चं स्वतःचं ॲप आहे, व्हॉट्सॲपवरूनही तिकीट मिळतं. ‘मुंबई वन’ हे सरकारी ॲप मेट्रो, लोकल, बेस्ट या सगळ्यांची तिकिटं एकाच ठिकाणी देतं. मेट्रो ३ चं भाडं अंतरानुसार १० ते ७० रुपये आहे. एनसीएमसी म्हणजे राष्ट्रीय मोबिलिटी कार्ड असेल तर तिकिटाची भानगडच नाही, दारावर टेकवायचं आणि पुढे जायचं. वरचेवर मुंबईला येणाऱ्याने हे कार्ड करून घ्यावं, कारण पुढे वेगळ्या मेट्रोत बदलताना ते पुन्हा उपयोगी पडतं.

सावधान: भुयारी स्टेशनांत मोबाइलच्या सिग्नलवर विसंबू नका. क्यूआर तिकिटाचा आणि पुढच्या पत्त्याचा स्क्रीनशॉट वरच काढून ठेवा. ‘तिथे पोचले की फोन करते’ असं घरी सांगू नका. निघतानाच फोन करा आणि अंदाजे वेळ सांगा.

## ४. मेट्रोत बसणं: दिशा पक्की करा

आगमन कक्षातून मेट्रोचे फलक पाहत चला. वाटेत ‘मेट्रो लांब आहे, मी सोडतो’ म्हणणारा भेटेल. थांबू नका. ट्रॉली मेट्रोत नेता येत नाही, ती सोडावी लागते, म्हणून बॅगेवर बॅग नीट रचून घ्या. स्टेशनात सामान क्ष-किरण यंत्रातून जातं. स्टेशन खोल आहे, तेव्हा सरकत्या जिन्याचा हट्ट न धरता लिफ्ट शोधा. मोठी बॅग सरकत्या जिन्यावर मागे कलंडली की खालच्या माणसाची धडगत नसते.

खाली दोनच दिशा आहेत:

- आरे जेव्हीएलआर: उत्तरेकडे. टी२ वरून पुढचंच स्टेशन मरोळ नाका. ठाणे, कल्याण, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, वर्सोवा, या सगळ्यांसाठी हीच दिशा.
- कफ परेड: दक्षिणेकडे. बीकेसी (बांद्रा-कुर्ला संकुल), दादर, वरळी, मुंबई सेंट्रल, सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), चर्चगेट इकडे.

पहिल्यांदा येणाऱ्याची सर्वात मोठी चूक इथेच होते. ‘शहरात’ जायचं म्हणजे दक्षिणेलाच, असं गृहीत धरलं जातं. ठाणे-डोंबिवलीवाले कफ परेडच्या गाडीत बसतात आणि बीकेसी आल्यावर जागे होतात.

तपासा: गाडीत बसल्यावर पुढच्या स्टेशनाची घोषणा ऐका. टी२ वरून निघाल्यावर ‘मरोळ नाका’ ऐकू आलं तर उत्तरेला चाललात, ‘सहार रोड’ ऐकू आलं तर दक्षिणेला. चुकलं असेल तर पुढच्याच स्टेशनावर उतरून समोरची गाडी धरा. बाहेरच्या दारातून मात्र बाहेर पडू नका, तिकीट संपतं.

## ५. सांधा: कुठे बदलायचं

हा टप्पा नीट वाचा. बाकी सगळं सोपं आहे.

### दक्षिण मुंबई

बदलायचंच नाही. मुंबई सेंट्रलजवळच्या मेट्रो स्टेशनाचं नाव ‘जगन्नाथ शंकरशेठ’ आहे, फलकावर ‘मुंबई सेंट्रल’ शोधत बसाल तर स्टेशन निघून जाईल. एसटीचं मुंबई सेंट्रल आगार आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचं टर्मिनस याच भागात. त्यापुढे ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन. गिरगाव-काळबादेवीत माहेर असलेल्यांना तर ही मेट्रो म्हणजे लॉटरीच. पूर्वी या गल्ल्यांत टॅक्सी शिरायलाच अर्धा तास जायचा.

### अंधेरी आणि त्यापुढची वेस्टर्न लाइन

आरेच्या दिशेची गाडी, मरोळ नाक्याला उतरा. इथे मेट्रो १ लागते, वर्सोवा ते घाटकोपर. ती उंचावरून धावते आणि तुम्ही जमिनीखालून आलेले असता, म्हणजे पाताळातून थेट पुलावर चढायचं आहे. लिफ्टने वर या, जोडपुलाचे फलक पाहा.

दोन्ही मेट्रो वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. ३ नंबरच्या दारातून बाहेर पडायचं आणि १ नंबरसाठी वेगळं तिकीट काढायचं. भाडं १० ते ४० रुपये. ‘आमच्याकडे तिकीट आहे’ म्हणून दारावर वाद घालणारं एक तरी कुटुंब इथे हटकून दिसतं.

वर्सोव्याच्या दिशेने चौथं स्टेशन अंधेरी. तिथून वेस्टर्नची लोकल. गोरेगाव पूर्व, मालाड पूर्व, कांदिवली पूर्व, बोरिवली पूर्व, दहिसर या पट्ट्यात हायवेलगत घर असेल तर अंधेरीपर्यंत जाऊच नका. एक स्टेशन आधी ‘वेस्टर्न एक्सप्रेस हायवे’ला उतरा आणि पुलावरून गुंदवलीला जा. तिथून मेट्रो ७ सुटते. पुन्हा वेगळं तिकीट, पण गर्दी लोकलच्या मानाने काहीच नाही, आणि गाडी गुंदवलीलाच सुरू होत असल्याने बसायला जागा मिळण्याची शक्यता बरी.

सावधान: मेट्रो १ वर ‘एअरपोर्ट रोड’ नावाचं स्टेशन आहे. नाव काहीही असो, ते टर्मिनलला लागून नाही. परत जाताना तिथे उतरलात तर विमानतळापर्यंत रिक्षा करावी लागेल. परतीलाही मरोळ नाका, मग ३ नंबर, हाच क्रम.

### ठाणे, डोंबिवली, कल्याण

मरोळ नाक्यापर्यंत वरचाच मार्ग. तिथून मेट्रो १ घाटकोपरच्या दिशेने, चौथं आणि शेवटचं स्टेशन. खाली सेंट्रल लाइन.

दिवसा अकरा ते चारच्या मध्ये हा मार्ग झकास आहे. संध्याकाळी पाचनंतर मात्र घाटकोपरचा पूल आणि फलाट यांवर बॅग घेऊन उभं राहणंही मुश्कील होतं, आणि येणारी लोकल आधीच भरून आलेली असते. अशा वेळी उलटा मार्ग धरा: मेट्रोने कफ परेडच्या दिशेला सीएसएमटी गाठा आणि तिथून सुटणाऱ्या ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण गाडीत बसा. वेळ जास्त जातो. पण गाडी रिकामी लागते, बॅग फळीवर जाते. गाडी फलाटाला लागताना नेहमीचे प्रवासी ती थांबायच्या आत उड्या टाकतात. त्यांच्याशी शर्यत लावू नका. एक गाडी सोडा, पुढच्या गाडीसाठी पुढे उभे राहा.

### वाशी, बेलापूर, पनवेल

घाटकोपरवरून दोन स्टेशनं मागे कुर्ल्याला जाऊन हार्बर पकडता येते, पण कुर्ल्याचे जिने सामानासकट चढण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. अंधेरीहून थेट पनवेल लोकल आहेत, पण त्या मोजक्या. वेळ जुळली तरच. माझं मत असं की सामान असेल तर इथेही सीएसएमटीच बरं: एकच बदल आणि सुरुवातीच्या स्टेशनापासून जागा.

### बांद्रा, कुर्ला, दादर: नावं फसवतात

‘बांद्रा कॉलनी’ म्हणजे बांद्रा लोकल स्टेशन नव्हे. बांद्रा पूर्वेला जायचं तर बीकेसीला उतरा, तिथून बेस्टची बस किंवा शेअर रिक्षा मिळते. कुर्ला पश्चिमेलाही इथूनच. बांद्रा टर्मिनस, जिथून लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात, ते बांद्रा लोकल स्टेशनापेक्षा वेगळं आहे. रिक्षावाल्याला ‘टर्मिनस’ हा शब्द स्पष्ट सांगा. लोकमान्य टिळक टर्मिनसला यातली कुठलीच मेट्रो जात नाही. विमानातून उतरून तिथली गाडी पकडायची असेल तर थेट रिक्षा करा.

दादरची मेट्रो पश्चिमेला गोखले रोडवर आहे. लोकल स्टेशनापर्यंत रानडे रोडच्या बाजारातून चालत जावं लागतं, आणि सणासुदीच्या संध्याकाळी त्या गर्दीतून चाकाची बॅग ओढणं ही शिक्षाच. पुण्याची शिवनेरी धरायची असेल तर एशियाड स्टँड दादर पूर्वेला आहे, म्हणजे बाजार आणि पूल दोन्ही ओलांडायचे. गोखले रोडवरूनच टॅक्सी करा. काळी-पिवळीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, जवळचं भाडं म्हणून नाकारलं तर पुढची थांबवा.

## ६. लोकल: सामानासकट कसं चढायचं

तिकीट स्टेशनात शिरण्याआधी काढा. रेल्वेच्या ‘रेलवन’ ॲपवरून काढत असाल तर फलाटावर पोचल्यावर ते निघत नाही, बाहेर असतानाच काढावं लागतं. नाहीतर खिडकी आहेच. सेकंड क्लासचं तिकीट ५ रुपयांपासून सुरू होतं. एसी लोकलला वेगळं तिकीट लागतं, साध्या तिकिटावर एसी डब्यात चढलात तर दंड होतो. फर्स्ट क्लासचंही तेच. त्या डब्यावर तिरपे पट्टे असतात. दार उघडं दिसलं म्हणून घुसू नका.

इंडिकेटरवर तीन गोष्टी पाहा: शेवटचं स्टेशन, किती मिनिटांत, आणि एस की एफ. एस म्हणजे स्लो, सगळीकडे थांबते. एफ म्हणजे फास्ट. तुमच्या स्टेशनावर फास्ट थांबते का, हे पहिल्याच टप्प्यात घरच्यांना विचारून ठेवा. खात्री नसेल तर स्लो धरा. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील, पण पुढे निघून जाऊन परत यावं लागणार नाही.

संध्याकाळी अंधेरीहून बोरिवलीला जायला विरार फास्ट धरू नका. विरारवाले दारात उभे असतात आणि बोरिवलीला उतरू देण्याचा त्यांचा मूड असेलच असं नाही. बोरिवली लोकल धरा, शेवटच्या स्टेशनावर सगळेच उतरतात.

चढल्यावर बॅग दारात ठेवू नका, आत जाऊन फळीवर टाका. उतरायच्या दोन स्टेशनं आधी ती खाली घ्या आणि ‘कुठल्या बाजूला येणार?’ असं शेजारच्याला विचारा. मुंबईकर तुसडा वाटला तरी या प्रश्नाचं उत्तर नक्की देतो. महिलांनी महिला डबा फलाटावर कुठे लागतो हे आधीच पाहून तिथे उभं राहावं, गाडी आल्यावर सामान घेऊन धावणं धोक्याचं.

तपासा: सकाळी साधारण आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे गर्दी असते. तुमचा प्रवास गर्दीच्या उलट दिशेला असेल तर चिंता नाही. गर्दीच्याच दिशेला असेल आणि सामान असेल, तर विमानतळावर चहा पीत तासभर थांबणं हाच शहाणपणा.

## ७. मेट्रो बंद झाल्यावर

रात्री लोकल साधारण एकपर्यंत असतात आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. म्हणजे मेट्रो गेली तरी लोकल हाताशी असते. टी२ वरून अंधेरी, टी१ वरून विलेपार्ले, ही सर्वात जवळची स्टेशनं. तिथवर रिक्षा करा. प्रीपेड मिळाली तर उत्तम, नाहीतर मीटरने. किमान भाडं २६ रुपये, मध्यरात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. रिक्षा माहीम आणि शीवच्या पुढे दक्षिणेला जात नाहीत, ‘दादरला सोडतो’ असं कुणी म्हणालं तर समजून घ्या काय ते.

सेंट्रल लाइनवाल्यांनी अंधेरीहून दादरला जाऊन बदलावं. तिथे एकाच पुलावरून दोन्ही लाइनी जोडल्या आहेत.

साडेबाराच्या पुढे बाहेर पडत असाल आणि घर कल्याण-कर्जतच्या बाजूला असेल, तर शेवटच्या गाडीच्या मागे धावू नका. टर्मिनलमध्ये बसून पहाटेची लोकल किंवा सहाची मेट्रो धरा. दोन-तीन जण असाल तर टॅक्सी करा. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

## ८. रविवार आणि पाऊस

रविवारी दिवसा मेगाब्लॉक असतो. साधारण दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत एखाद्या लाइनीवरचे फास्ट किंवा स्लो ट्रॅक बंद राहतात, हार्बर तर काही वेळा पूर्ण थांबते. आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वेळापत्रक छापून येतं, घरच्यांना ते पाहून ठेवायला सांगा. रविवारी मेट्रो सुरू होण्याची वेळही त्याच वेळी पाहून घ्या.

जून ते सप्टेंबर जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की सेंट्रल लाइन शीव-कुर्ल्यात आणि हार्बर चुनाभट्टीजवळ आधी बसते. वेस्टर्न त्या मानाने टिकते. मेट्रो ३ बहुतेक वेळा चालू असते, पण तीही अभेद्य नाही: २६ मे २०२५ च्या पावसात वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरून तिथली सेवा थांबवावी लागली होती. असा दिवस आला तर टर्मिनल सोडण्यापूर्वी रेल्वेच्या १३९ क्रमांकावर विचारा किंवा घरच्यांना बातम्या पाहायला सांगा. लोकल बंद असतील तर मेट्रो चालू आहे तिथपर्यंतच्या एखाद्या नातेवाइकाकडे जा आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच थांबा. गाडी करून निघाल तर अंधेरी आणि मिलन सबवे टाळायला सांगा, पाणी आधी तिथे भरतं.